रजिस्टर टपाल

सकाळी नऊलाच औषधाच्या दुकानावरचा हिरवा फलक
छत्तीस अंश दाखवतो.
मी पिवळी हातगाडी ढकलत निघते
आणि पोट माझ्याआधी निघालेलं असतं.

कोर्दोबाचा हा भाग एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.
बाकीच्या पोस्टमनांना कुत्री पाठ,
मला दारं.
मासळीबाजारामागचा बार : कडी तुटकी, पायाने दार धरावं लागतं.
दंतवैद्य : काउंटरवरची मुलगी बदलली,
आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगा.
चर्च : किल्ली एउसेबिओकडे, तो ठार बहिरा,
कशाला हवी ते मला ओरडून सांगावं लागतं
आणि तोही ओरडतो, "फुएन्सान्ता! पुन्हा?"
गुडघे टेकलेल्या बायका माना वळवतात.

कोपऱ्यावर फक्त गिऱ्हाइकांची सोय.
म्हणून रोज एक कॉफी विकत घेते
जी मला चालत नाही.
परत येते तोवर कप गार झालेला असतो,
म्हणजे या उन्हात
जेवढा होईल तेवढा.

डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहेत.
आतडं चिडखोर आहे तुमचं, एवढंच.
एवढंच!
घरात एक चिडखोर माणूस असला
की बाकीचे पाय न वाजवता वावरतात,
तशी मी वावरते, माझ्याच आत.
कांदा नको. लसूण नको. कलिंगडाचं तर नाव नको.
सगळं शहर गार गास्पाचोचे ग्लास रिचवतं
तेव्हा मी कोमट पाणी पिते, चिमूट मीठ घालून,
घोट, घोट, बाळंतिणीसारखी.
एकदाच बर्फाचं पाणी गटागट प्याले होते.
त्या दिवसाबद्दल मी बोलत नाही.

आई म्हणते, सगळं तुझ्या डोक्यात आहे.
डोक्यात असतं
तर टोपीने भागलं असतं, आई.

मागच्या जूनमध्ये, चौदा नंबर, तळमजला.
दोन्या व्हिसितासिओन, वय शहाऐंशी,
सही करत होती, आणि मला कळ आली.
अशी, की भिंतीचा चुना नखात आला.
ती सही अर्धी टाकून म्हणाली,
"डावीकडे. शेवटचं दार."
मी आत असताना तिने रेडिओ मोठा केला,
बैलांच्या लिलावाची बातमी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतका.
बाहेर आले तेव्हा ती पडदा सारखा करत होती.
"माझा नवरा रेल्वेत होता," म्हणाली.
"मेरिदापर्यंतची सगळी स्टेशनं त्याला पाठ होती,
एकाच कारणासाठी."
मग उरलेली सही पुरी केली.

पुढच्या मंगळवारी तिच्या नावे रजिस्टर पत्र.
त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी एक.
जुलै लागला तशी शुक्रवारीही येऊ लागली.
पाकीट उचललं तर हातात काहीच नाही,
वजन फक्त तिकिटांचं.
अक्षर थरथरतं,
त्याच अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव :
रेल्वेतला तो माणूस, जो बावीस साली वारला.
रजिस्टर पत्र पेटीत टाकून चालत नाही,
हातात द्यावं लागतं, सही घ्यावी लागते,
आत जावं लागतं.

ऑफिसात दर कपात किती पेन्शन जातं
याचा हिशेब मी एकदा मांडला आणि फाडून टाकला.
नियमाने वर कळवायला हवं.
आजवर माझ्या पोटात
काही म्हणून टिकलं नाही.
ही एक गोष्ट टिकली आहे.

बाराला मी बेल वाजवते.
दार आधीच बोटभर उघडं.
"आज किती?" ती पेन शोधत विचारते.
"त्रेचाळीस."
"अरे देवा," म्हणते,
आणि रेडिओचं बटण फिरवायला उठते.